मोरीचा वास: फिनाइल ओतण्याआधी जाळीखालचं पाणी बघा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघं पाच आठवडे सांगलीला होतो. परत डोंबिवलीला आलो, कुलूप काढलं, दार ढकललं आणि सडक्या अंड्यांचा वास अंगावर आला. यांनी आधी फ्रीज उघडून बघितला. मी पिशव्या दारातच ठेवून सरळ आतल्या न्हाणीघरात गेले, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी २७ वर्षं सहायक होते. किपच्या उपकरणात फेरस सल्फाइडवर आम्ल सोडलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याचाच हा वास. मुलं नाकाला रुमाल लावायची आणि मी खिडक्या उघडत सुटायचे.

न्हाणीची जाळी उचलून टॉर्च मारला. आत पाण्याचा टिपूस नव्हता. दोन तांबे पाणी ओतलं, खिडकी उघडली, एक्झॉस्ट फॅन लावला. अर्ध्या तासात घर घरासारखं झालं. बाटल्या, पुड्या, डांबरगोळ्या, यातलं काहीही लागलं नाही.

तेव्हापासून इमारतीत कुणाच्या मोरीला वास आला की मला बोलावणं येतं, आणि मी आनंदाने जाते. जवळजवळ प्रत्येक घरात मला एकच गोष्ट दिसते. वास आला की लोक त्यावर दुसरा वास ओततात. वास म्हणजे हवा आहे. ती कुठूनतरी घरात शिरते आहे. ती वाट सापडली की निम्मं काम झालं, म्हणून पुढे जे लिहिते आहे त्यात वाट शोधण्याचाच भाग जास्त आहे.

मोरीच्या जाळीखाली, बेसिनखाली आणि कमोडच्या आत पाइपाला मुद्दाम एक वळण दिलेलं असतं. त्या वळणात कायम थोडं पाणी साचून राहतं, साधारण दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर. प्लंबर त्याला वॉटर सील म्हणतात आणि त्या वळणाला ट्रॅप. तुमचं घर आणि खालचं गटार यांच्यामध्ये एवढाच पडदा असतो, पाण्याचा. सांडपाणी त्याला ढकलून पुढे जातं, पण हवेला मागे येता येत नाही. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने संडासाच्या पाइपाला एस अक्षरासारखं वळण देऊन त्याचं पेटंट घेतलं. आज आपल्या कमोडमध्ये पाणी दिसतं ते त्याच युक्तीमुळे.

माझ्या सासूबाईंना यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. पण रात्री झाकपाक झाली की त्या मोरीत एक तांब्या स्वच्छ पाणी सोडायच्या आणि मगच दिवा मालवायच्या. मोरी कोरडी ठेवू नये, म्हणायच्या. मला त्याचं कारण पुढे कळलं.

आता वास कुठला आहे ते ओळखू. मी दोन प्रकार करते, वरचा वास आणि खालचा वास. वरचा म्हणजे ट्रॅपच्या पाण्याच्या अलीकडे, जाळीच्या कडांना आणि पाइपाच्या तोंडाशी जमलेल्या बुळबुळीत थराचा. तो आंबूस, कुबट, शिळ्या खरकट्यासारखा असतो आणि नाक जवळ नेलं तरच जोरात येतो. खालचा म्हणजे पाण्याच्या पलीकडून, गटारातून आलेला. तो सडक्या अंड्यासारखा, खोलीभर पसरणारा. वरच्या वासाला घासणं हा उपाय, आणि खालच्याला पाण्याचा पडदा परत उभा करणं. खालच्या वासावर कितीही घासलंत तरी तो जाणार नाही, आणि तिथेच लोक दमतात.

शोधायला लागण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करा. स्वयंपाकघरात वास असेल तर आधी सिलिंडर. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात आणि तोही गंधकाचाच वास, मोरीच्या वासाशी सहज गल्लत होते. जरा जरी शंका आली तरी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. दुसरी गोष्ट नळाच्या पाण्याची. एक ग्लास पाणी भरून बाहेर गॅलरीत न्या आणि तिथे हुंगा. पाण्यालाच वास असेल तर दोष टाकीचा आहे, मोरीचा नाही.

मग पिशवीची परीक्षा. दुधाची रिकामी पिशवी चालत नाही, जरा मोठी आणि न फाटलेली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तिच्यात निम्मं पाणी भरून गाठ मारा आणि ती जाळीवर ठेवा. पाण्याच्या वजनाने पिशवी पसरते आणि तोंड घट्ट बंद होतं. रात्री सगळ्यांची कामं झाल्यावर घरातल्या सगळ्या जाळ्यांवर अशा पिशव्या ठेवा, सिंक आणि बेसिनला बूच लावा, कमोडचं झाकण पाडा. सकाळी उठल्याबरोबर, चहा टाकायच्या आधी, एकेका खोलीत जा. नाक तेव्हा ताजं असतं. वास नसेल तर एकेक पिशवी काढा आणि दहा मिनिटं थांबून पुन्हा हुंगा. ज्या पिशवीनंतर वास आला ती तुमची वाट. सगळ्या पिशव्या जागच्या जागी असूनही वास येत असेल तर तो जाळीतून येत नाही, कुठल्यातरी सांध्यातून किंवा इमारतीचे पाइप जातात त्या डक्टच्या खिडकीतून येतो आहे.

यासाठी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा, असं काहीजण सांगतात. मी ते करू देत नाही. गटाराच्या हवेत मिथेन असू शकतो, तिथे ठिणगी नको. हवेचा झोत बघायचाच असेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी जाळीवर धरा, ती हलते.

न्हाणीची जाळी

सर्वात जास्त घरांत दोष इथे असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हातमोजे घाला. जाळी स्क्रूने बसवलेली असेल आणि स्क्रू गंजले असतील तर त्यांवर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबा, जबरदस्ती केली की स्क्रूचं डोकं जातं आणि मग लादी फोडायची वेळ येते. जाळी निघाली की ती उलटी करा. वरून लखलखीत असलेल्या जाळीची खालची बाजू बघितली की बऱ्याच जणी दचकतात. आमच्या जाळीला खालून राखाडी, सायीसारखा थर होता, त्यात शिकेकाईचा भुसा, केसांचा गुंता आणि मधोमध एक लाल टिकली. हा थर म्हणजे साबण, अंगाचं तेल आणि त्यावर वाढलेले जिवाणू. वरचा वास येतो तो इथूनच. पंखांवर बारीक केस असलेल्या, भिंतीवर गप्प बसून राहणाऱ्या त्या करड्या चिलटांची अंडीही याच थरात असतात. म्हणून हिट मारून चिलटं जात नाहीत, थर गेला की आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप संपतात.

जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण घेऊन जाळी दोन्ही बाजूंनी घासा. मग ज्या कड्यात जाळी बसते त्याच्या आतली कड, आणि बोट पोचेल तिथपर्यंत पाइपाची आतली भिंत. केस काढायला हँगरची तार सरळ करून तिच्या टोकाला लहानशी आकडी करा, आत सोडून फिरवा आणि वर ओढा. निघेल ते पाण्याबरोबर खाली सोडू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. खाली गेलेले केस पुढच्या वळणावर अडकतात आणि तिथे तुमचा हात पोचत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. काही जाळ्यांखाली एक उपडी वाटी असते, स्टीलची किंवा प्लॅस्टिकची. तिची कड खालच्या पाण्यात बुडलेली असते आणि तिथेच पाण्याचा पडदा तयार होतो. ही वाटी असली की पाणी जरा सावकाश जातं. म्हणून सफाई करताना कुणीतरी ती काढतं, पाणी झटकन जायला लागतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि वाटी कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहते. आठवड्याभरात वास सुरू होतो आणि दोन्हींचा संबंध कुणालाच लागत नाही. आमच्या बाहेरच्या न्हाणीत हेच झालं होतं. वाटी टाकीच्या मागे सापडली. ती घासून परत बसवली आणि त्या न्हाणीपुरता प्रश्न मिटला. तुमची वाटी हरवली असेल तर जुनी जाळी सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, मापं बरीच आहेत, नुसतं सांगून नीट मिळत नाही.

वाटी बसवल्यावर एक बादली पाणी सावकाश ओता. पाच मिनिटांनी टॉर्चने बघा. वाटीची कड पाण्यात बुडालेली दिसली पाहिजे. ज्या ट्रॅपला वाटी नसते, तिथे खालच्या वळणात चकाकणारं पाणी दिसलं पाहिजे. पाणी भरूनही तासा-दोन तासांत पातळी खाली जात असेल तर ट्रॅपला चीर गेली आहे, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छतावर ओल दिसतेय का ते त्यांना विचारा. हे काम मात्र प्लंबरचं.

स्वयंपाकघर

सिंकखालचं कपाट रिकामं करा. डबे, पिशव्या, कांदे-बटाट्याची टोपली, सगळं. एखादा नासका बटाटा तळाशी सापडला तर तिथेच शोध संपेल, मी हे दोन घरांत पाहिलं आहे.

सिंकपासून निघालेली वळ्यावळ्यांची पांढरी नळी भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपात कशी जाते ते टॉर्चने बघा. बहुतेक ठिकाणी ती नुसती आत सोडलेली असते. दीड इंची नळी, अडीच इंची पाइप, आणि मधल्या फटीत कुणीतरी कोंबलेलं फडकं. तुमचा वास तिथून येतो, झुरळंही तिथूनच येतात. वर सिंकमध्ये कितीही लिंबं पिळली तरी ही फट तशीच राहते. पाइपाच्या तोंडावर बसणारं, मधे भोक असलेलं रबरी बूच मिळतं. नळीची आणि पाइपाची, दोन्ही मापं दोऱ्याने घेऊन दुकानात न्या. पांढरं सिमेंट किंवा एम-सील भरणारे भेटतील, पण मला ते पसंत नाही. सहा महिन्यांनी नळी तुंबली की काढता येत नाही, आणि काढताना पाइपाचं तोंड फुटतं.

फट बंद करूनही वास आला तर सिंकला ट्रॅपच नाही, असं समजा. आपल्याकडे असे सिंक पुष्कळ आहेत, नळी सरळ खाली जाते आणि मधे पाणी कुठेच साचत नाही. अगदी खाली, जमिनीशी, हे पाणी गली ट्रॅपमध्ये, म्हणजे आवारातल्या जाळीच्या ट्रॅपमध्ये पडतं म्हणून बांधणाऱ्याने वर सोडून दिलेलं असतं, पण मधल्या दोन-तीन मजल्यांच्या पाइपाला आतून जे तूप-तेल चिकटलेलं असतं त्याचा वास तर वर येतोच. उपाय बॉटल ट्रॅप बसवण्याचा, म्हणजे सिंकखाली बसणारा, तळाला झाकण असलेला बाटलीसारखा ट्रॅप. तोवर तात्पुरतं म्हणून नळीला इंग्रजी यू सारखा झोल देऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवता येतं, झोलात पाणी राहतं. पण त्या वळ्यांत खरकटंही साचतं, वर्षातून एकदा नळी बदला. फार महाग नसते.

बॉटल ट्रॅप असेल तर तो महिन्यातून एकदा उघडायचा. खाली बादली ठेवा. तळाचं झाकण हाताने फिरवून काढा, पान्हा लावू नका, प्लॅस्टिकचे आटे लगेच जातात. आतला वॉशर कुठल्या बाजूने बसला आहे ते काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जे बाहेर येईल ते पहिल्या वेळी फार घाण असतं, काळपट लगदा, चहाचा चोथा, मोहऱ्या, भाताची शितं. झाकण घासून धुवा, वॉशर पुसून तसाच बसवा, हाताने घट्ट करा. नळ सोडा आणि झाकणाखाली कोरडा कागद धरून बघा, थेंब पडला तर पाव फेरा आणखी.

रोजचं म्हणाल तर तेल खाली जाऊ न देणं हेच खरं काम. तळणीची कढई, फोडणीचं पळं, देवघरातली निरांजनं ही धुण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्या. दुधाच्या पातेल्याची खरवड आणि मासे धुतलेल्या पाण्यातले खवले गाळणीत अडवा. तूप आणि वनस्पती तूप पाइपात गोठतं आणि त्यावर बाकी सगळं चिकटतं. आठवड्यातून एकदा रात्री मी लिटरभर गरम पाण्यात चार चमचे धुण्याचा सोडा विरघळवून सिंकमध्ये सावकाश सोडते आणि दहा मिनिटांनी वरून साधं पाणी. पाणी आंघोळीला काढतो तितकंच कढत असावं. उकळतं पाणी ओतू नका. पाइप पीव्हीसीचे असतात, उकळत्या पाण्याने ते मऊ पडतात आणि सांधे सैल होतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस बघून काम होतंय असं वाटतं. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, आणि शेवटी पाइपात जातं ते खारट पाणी. त्याने नुकसान नाही, पण चरबी जात नाही. खाण्याचा सोडा वापरायचाच असेल तर ओलसर पेस्ट करून त्याने जाळी आणि सिंकचं तोंड घासा, तिथे तो आंबूस वास चांगला मारतो.

बेसिन, वॉशिंग मशीन, कमोड

बेसिनला वरच्या बाजूला एक लहान भोक असतं, पाणी भरून वाहू नये म्हणून. त्याच्या आतला मार्ग कुणी कधी धूत नाही. बाटली धुण्याचा लांब ब्रश आत घालून फिरवा, काळा चिकट थर निघेल. मशीनची नळी न्हाणीच्या जाळीत किंवा भिंतीतल्या पाइपात जिथे जाते, तिथल्या फटीला सिंकसारखंच रबर लावा. एसीची पाण्याची नळी कुणी ड्रेनेजच्या पाइपात जोडली असेल तर ती काढून बाहेर सोडा, बंद एसीतून वास खोलीत येतो आणि लोक एसीचा मेकॅनिक बोलावतात.

कमोडमध्ये पाणी आहे आणि तरीही वास येतो, तर जमिनीशी जिथे तो बसवला आहे तिथली सिमेंटची कड बघा. कमोडवर बसल्यावर तो किंचित डुलत असेल तर सांधा सुटला आहे. नुसती वरून सिमेंटची रेघ ओढून भागत नाही, काढून नीट बसवून घ्या.

ओतू नये ते

इथे मी आग्रहाने सांगते. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं द्रावण आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकाच दिवशी एकाच मोरीत वापरू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. प्रयोगशाळेत क्लोरीन करायचा तर आम्ही धुराड्याच्या बंद कपाटात करायचो, आणि न्हाणीघर केवढं, चार बाय सहा. आमच्याच इमारतीत एक ताई दार लावून सफाई करत होत्या. आधी पावडर टाकली, डाग गेले नाहीत म्हणून वरून अ‍ॅसिड. धडपडत बाहेर आल्या, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रवही मिसळू नये, त्याचाही वायू छातीला घातक आहे.

तुंबलेली मोरी मोकळी करणाऱ्या पुड्यांत कॉस्टिक सोडा असतो. पाण्याशी संपर्क आला की तो प्रचंड तापतो, डोळ्यात एक कण गेला तरी कायमची इजा होऊ शकते. पाणी कमी पडलं तर तो पाइपातच दगडासारखा बसतो. मी तो घरात ठेवत नाही. कुणी टाकला असेल आणि तरीही मोरी मोकळी झाली नसेल, तर प्लंबर आल्यावर पहिलं वाक्य तेच सांगा. तो उघड्या हाताने ट्रॅप खोलणार असतो.

गच्ची

खालच्या वासाचं एक कारण घरात सापडत नाही. आमची इमारत तळमजला अधिक तीन अशी, आम्ही सर्वात वर. पंचवीस वर्षं कधी त्रास झाला नाही. मग गळती थांबावी म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घातली आणि त्या पावसाळ्यापासून आमच्या न्हाणीत गुडगुड आवाज यायला लागला. पाठोपाठ वास.

गच्चीवर ड्रेनेजचे जे उभे पाइप दिसतात, टोकाला जाळीची टोपी असलेले, ते पाइपात हवा खेळती ठेवण्यासाठी असतात. कुणी फ्लश केलं की पाण्याचा लोट खाली जाताना मागे हवा ओढतो. वरून हवा मिळाली नाही तर तो आपल्या ट्रॅपमधलंच पाणी ओढून नेतो, आणि पडदा फाटतो. पत्रे टाकणाऱ्यांनी आड येतो म्हणून आमचा पाइप कापून पत्र्याखाली ठेवला होता आणि तोंडावर रंगाचा रिकामा डबा पालथा घातला होता.

सेक्रेटरींना मी घरी बोलावलं. न्हाणीची जाळी काढली, ट्रॅप काठोकाठ भरला, टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि यांना शेजारच्या संडासात फ्लश करायला सांगितलं. पाणी थरथरलं, गुडगुडलं आणि आमच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली गेलं. दुसऱ्या फ्लशला आणखी खाली. पुढच्या रविवारी पत्र्याला भोक पाडून पाइप दोन फूट वर नेला, टोपी बसवली, भोकाभोवती पाणी आत येऊ नये म्हणून पट्टी मारून घेतली. गुडगुड त्याच दिवशी थांबली. तुमच्याकडे असा आवाज येत असेल तर न्हाणी फोडण्याचा खर्च करण्यापूर्वी गच्चीवर जाऊन या.

तसंच आवारातलं ड्रेनेजचं चेंबर. पावसाळ्यात ते भरलं की पाइपातली हवा उलटी वर ढकलली जाते आणि तळमजल्यावरच्यांना आधी त्रास होतो. पालिकेकडे तक्रार नोंदवून किंवा जोराच्या पाण्याने पाइप साफ करणारी खासगी जेटिंगची गाडी बोलावून पावसापूर्वी सफाई करून घ्यावी. पण कुणी सांगितलं की दोनशे रुपये द्या, माझा माणूस उतरून काढतो, तर सोसायटीने स्पष्ट नाही म्हणावं. चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये तोच हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. थोडा असतो तेव्हा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस त्या क्षणी आणखी एक पायरी खाली उतरतो. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. सांगलीच्या आमच्या घराला सेप्टिक टँक आहे. तिथे मी घरातल्या मुलांना झाकणाशी वाकूनही बघू देत नाही. त्या टाकीत फिनाइल आणि अ‍ॅसिड जाऊ देत नाही, मैला जिरवणारे जिवाणू मरतात आणि वास वाढतो. टाकीचा हवेचा पाइप खिडकीच्या उंचीवर संपत असेल तर तो छपराच्या वर न्या, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

गावाला जाताना

पंधरा दिवसांपेक्षा जास्त घर बंद राहणार असेल तर निघायच्या दिवशी, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर, प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी आणि त्यावर चमचाभर गोडेतेल. तेल पाण्यावर पसरतं आणि पाणी उडून जायला वेळ लागतो. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याकडच्या कोरड्या हवेत, हे करूनही महिनाभर भरवसा ठेवू नका. जाळीवर पाण्याची पिशवी ठेवा. जी न्हाणी कुणी वापरत नाही, पाहुण्यांच्या खोलीतली, गॅलरीतली, तिच्यात घरी असतानाही दर रविवारी एक तांब्या.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा सांगलीला जाणार आहोत. किल्ली समोरच्या वहिनींकडे असते. तुळशीला पाणी घालायला त्या येतातच, तेव्हा तांब्या मी आतल्या न्हाणीच्या दारात भरून ठेवते.